‘घेता का?’ : केसपेपरवरचे दोन रकाने

वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी पहिल्यांदा रुग्णाच्या खाटेशेजारी उभा राहतो, तेव्हा एक वाक्य त्याने घोकून ठेवलेले असते. अमुक नावाचा, ४५ वर्षांचा, विवाहित, हिंदू पुरुष, राहणार पनवेल, धंदा शेती, पोटदुखीची तक्रार घेऊन आला आहे. कामोठ्याच्या महाविद्यालयापासून नागपूरच्या मेडिकलपर्यंत हे वाक्य जवळजवळ असेच म्हटले जाते. त्यात ‘हिंदू’ कशाला, असे सर एखाद्या वेळी मुद्दाम विचारतात. पुस्तकी उत्तर तयार असते. काही आजार चालीरीतींमुळे कमी-जास्त होतात. सुंता करणाऱ्या समाजांत शिश्नाचा कर्करोग विरळा, मुसलमान रुग्णांत दारूने खराब झालेले यकृत विरळा, वगैरे. सर मान डोलावतात, विद्यार्थी पुढे सरकतो. चार ओळी खाली दुसरा रकाना येतो : सवयी. भूक, झोप, शौच, तंबाखू, मिश्री, दारू. तिथे बहुतेक वेळा एकच शब्द पडतो : ‘नाही’.

या दोन रकान्यांचे एकमेकांशी नाते काय, हा या प्रस्तावनेचा विषय. वरवर पाहता ते सरळ आहे. धर्म मनाई करतो, माणूस ऐकतो किंवा ऐकत नाही. पण पनवेलसारख्या गावात ओपीडीत चार दिवस बसलेल्या माणसालाही कळते की गुंता वेगळाच आहे. हजारोंच्या पाहणीत धर्मानुसार पिण्यातला फरक स्पष्ट दिसतो, यात वाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या फेऱ्यांमध्ये मुसलमान पुरुषांत दारूचे प्रमाण कमी आणि आदिवासी पुरुषांत जास्त, हे पुन्हा पुन्हा आढळले आहे. मात्र टेबलापलीकडे बसलेला एकटा माणूस किती पितो, ते त्याच्या धर्मावरून फारसे उमगत नाही. तो ते कुठल्या शब्दांत सांगेल, कुठल्या महिन्यात थांबेल, आणि त्याच्या घरचे कोणापासून काय झाकतील, याचा मात्र बराच अंदाज येतो.

पनवेलच का? कारण एवढ्याशा परिघात इतके प्रकारचे ‘नाही’ दुसरीकडे सहसा ऐकू येत नाहीत. १८५२ सालची ही नगरपालिका. खाडीकाठचे कोळीवाडे, मिठागरे आणि भातशेतीवर जगलेली आगरी गावे, कर्नाळ्याच्या आजूबाजूच्या कातकरी आणि ठाकूर वाड्या, जुन्या गावातला कोकणी मुसलमानांचा मोहल्ला, बेने इस्राएल ज्यूंचे १८४९ साली उभे राहिलेले बेथ एल सिनेगॉग, बौद्धवाड्यांतली विहारे. त्यावर सिडकोने १९७० नंतर वसवलेली नवी मुंबई, कळंबोलीचा लोखंडबाजार, तळोज्याचे कारखाने, खारघरचे टॉवर आणि आता विमानतळ. मुंबई, पुणे आणि गोव्याचे रस्ते इथेच फुटतात. २०१६ साली पालिकेची महापालिका झाली, पण ओपीडीतल्या बाकड्यावर अजूनही वाडीवरचा कातकरी आणि खारघरचा बँक मॅनेजर शेजारी-शेजारी बसलेले सापडतात.

दोघांनाही विचारले, ‘घेता का?’, तर दोघेही ‘नाही’ म्हणण्याची शक्यता आहे. एकाला वाटते, डॉक्टर ओरडेल. दुसऱ्याला वाटते, आपण जे घेतो ते ‘दारू’ या शब्दात बसत नाही.

आधी धर्माकडे. इस्लामची मनाई सर्वांत ठाम; म्हणूनच मोहल्ल्यातल्या पिणाऱ्याची पंचाईत सर्वांत मोठी. तो गावात पीत नाही, हायवेला पितो. बोलायची वेळ आलीच तर दुसऱ्या गावातल्या डॉक्टरकडे जातो. बौद्ध घरांत पंचशीलातले पाचवे शील आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली दारू न पिण्याची प्रतिज्ञा, या दोन्हींचा आधार आहे. ती प्रतिज्ञा पापपुण्याच्या हिशेबापेक्षा स्वाभिमानाच्या हिशेबातून आली, त्यामुळे ती मोडणाऱ्याला देवाची भीती वाटत नाही. वस्तीतल्या थोरांची आणि भिंतीवरच्या तसबिरीची वाटते. ख्रिस्ती मिस्सेत वाईन असते. घरी नाताळला गाळलेली द्राक्षाची वाईन पाहुण्याला देणाऱ्या माणसाला हा प्रश्न टोचत नाही, तो आकडासुद्धा सांगून टाकतो. बेने इस्राएलांची गोष्ट सर्वांत गमतीची. शब्बाथच्या कीद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, द्राक्षरस हवा, आणि कोकणात तो कुठून आणायचा? मग काळ्या मनुका भिजवून, पिळून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हटला गेला. ज्या धर्मात पेला हातात घेणे हाच विधी, त्याने इथे येऊन बिनदारूचा पेला शोधून काढला.

आणि हिंदू? या एका शब्दात एकादशी करणारा माळकरीही मावतो आणि कार्ल्याच्या एकवीरेला बोकडाचा मान देऊन रात्री बसणाराही. त्यामुळे केसपेपरवर ‘हिंदू’ लिहून डॉक्टरला पिण्याविषयी काहीच कळलेले नसते. ‘माळकरी आहात का?’ हा प्रश्न त्याहून कितीतरी उपयोगी, पण तो रकाना कुठल्याच कागदावर नाही.

मोह, ताडी आणि माडी या मुलखाला नवीन नाहीत. वाडीवरच्या देवाला धार सोडल्याशिवाय पूजा पुरी होत नसे, आणि लग्नात, मयतीत, पंचायतीत ती वाटली जाई. या घरगुती गोष्टीचा सरकारी व्यवहार इंग्रजांनी केला. १९व्या शतकात, पनवेल ठाणे जिल्ह्यात होते तेव्हा, पनवेल तालुक्यातल्या उरणला मोहाची दारू गाळणाऱ्या भट्ट्या मोठ्या प्रमाणावर चालत. मालक प्रामुख्याने पारशी, आणि माल खाडी ओलांडून मुंबईला जाई. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती एकवटला, आणि १८९२ साली ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. अंगणात पडलेली फुले वेचून साठवणे हा गुन्हा ठरला. कातकऱ्याने दारू सोडावी असा त्यात हेतू नव्हता. त्याने ती दुकानातून, कर भरून प्यावी एवढाच होता. ‘सवयी’च्या रकान्यात आज कातकरी खोटे बोलतो तेव्हा त्या खोटेपणाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. खाकी कपड्यातला असो की पांढऱ्या कोटातला, सरकारी माणूस दारूचे विचारतो ते कशासाठी, हे त्याच्या आजोबाने त्याला सांगितलेले आहे.

प्रतिकारही या मुलखाने केला, आणि तो देवाच्या वाटेने केला. १९२१-२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांमध्ये देवी अंगात येऊ लागली. ती डोंगर चढून दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोहोचली. तिच्या आज्ञा साध्या होत्या : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, पारशी गुत्तेवाल्याकडे मजुरीला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या ग्रंथात या चळवळीचा मागोवा घेतला आहे. हजारो माणसांनी एका हंगामात दारू टाकली, सावकार-मक्तेदारांचे धाबे दणाणले. बरेच जण पुढे पुन्हा पिऊ लागले, हेही खरे. पण कुठल्याही दवाखान्याला आजवर न जमलेली गोष्ट घडली होती : गावेच्या गावे एकाच वेळी थांबली. शहरात याआधीच, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांना परवानगी देण्याविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. त्यांनी बोट ठेवले ते पिणाऱ्याच्या घराची होणारी धूळधाण आणि तिच्यावर पोसला जाणारा महसूल यांवर.

रायगडात ही धार्मिक वाट आजही चालू आहे, आणि पनवेलच्या डॉक्टरला ती ठाऊक नसेल तर त्याला आपले रुग्णच ठाऊक नाहीत. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. आठवड्याची ठरलेली वेळ, शिस्तीत बसलेले स्त्री-पुरुष, आणि घरादारात पोहोचलेला व्यसनमुक्तीचा आग्रह. आगरी-कोळी गावांत ‘तो बैठकीला जातो’ एवढे म्हटले की ‘तो पीत नाही’ हे वेगळे सांगावे लागत नाही. आगरी म्हणजे पिणारा, हा बाहेरच्यांनी मारलेला शिक्का. त्याच गावांत दारू सोडवणारी एवढी मोठी संघटना उभी राहिली, हे शिक्का मारणाऱ्यांच्या गावी नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी नानासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला गेला तो पनवेल महापालिकेच्याच हद्दीत, खारघरच्या मैदानावर. लाखो श्री सदस्य, म्हणजे बैठकीचे अनुयायी, आले होते, आणि त्या दिवशीच्या उन्हाने अनेकांचे बळी घेतले, म्हणून ती तारीख दुःखानेच लक्षात राहिली. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयालाही नाव नानासाहेबांचेच आहे. ज्या दारावर व्यसनमुक्तीचा ध्यास घेतलेल्या माणसाचे नाव, त्याच दारातून रात्री दोन वाजता हायवेवरचा अपघातग्रस्त आत येतो आणि त्याच्या तोंडाला वास असतो.

बैठक काय, वारकऱ्यांची माळ काय, दोन्हींची ताकद एकच. ‘मी सोडली’ असे म्हणायला मराठीत फार बळ लागते. मित्र हसतात, ‘किती दिवस?’ म्हणतात. ‘मी माळ घातली’ म्हटले की कोणी आग्रह करत नाही. चकण्याची बशीसुद्धा पुढे सरकवत नाहीत. माणसाला न पिण्याचे एक सन्मानाचे कारण मिळते आणि आठवड्याला भेटणारी, न पिणारी सोबत मिळते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने हीच सोबत शोधली, आणि तिच्या १२ पायऱ्यांमध्येही एका वरच्या शक्तीला शरण जाणे आहेच. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही औषधाइतकेच महत्त्व सोबतीला आहे.

याच ताकदीची दुसरी बाजू दवाखान्यात दिसते. माळ घातलेला माणूस पुन्हा प्यायला, तर तो फक्त व्यसनी राहत नाही, तो खोटा ठरतो. मग माळ खुंटीला टांगून पिणारे आहेत आणि माळेसकट लपूनछपून पिणारेही आहेत. अशा रुग्णाला ‘दारू घेता का?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे त्याला ‘तुम्ही खोटारडे आहात का?’ असे विचारणे. त्याचे उत्तर तो देणार नाही.

आता दिनदर्शिका. मराठी पिणाऱ्याचे वर्ष इंग्रजी महिन्यांवर चालत नाही. आषाढी अमावास्या म्हणजे दिव्याची अवस. घरात दिवे उजळायचे, कणकेचे गोड दिवे करायचे. या सणाला लोकांनी ‘गटारी’ म्हणायला कधी सुरुवात केली कोणास ठाऊक, पण आज हॉटेलांच्या जाहिरातीही तेच म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. कोणी महिनाभर पाळतो, कोणी गणपतीपर्यंत, कोणी थेट नवरात्र संपेपर्यंत. जो रोज नाईंटी मारतो त्याला श्रावण मानवतो. वजन उतरते, बायको खूश होते. पण जो गेली दहा वर्षे रोज दोन क्वार्टर पीत आला आहे, त्याच्या मेंदूला श्रावण कळत नाही. दारू एकाएकी तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, माणूस चादर चिमटत बसतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो.

घरचे काय म्हणतात? बाहेरचे झाले. देवाचे काहीतरी चुकले. श्रावणात, इतके कडक पाळूनही, असे कसे झाले? भगताला बोलावणे येते, अंगारा लागतो, आणि ‘पाळल्यामुळेच’ झाले हे कोणाच्याच डोक्यात येत नाही. उपाय अवघड नाही. ठरावीक शामक औषध कमी-कमी करत जायचे आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व भरपूर द्यायचे. पण त्यासाठी श्रावणाच्या आधी कोणीतरी विचारायला हवे : ‘यंदा पाळणार ना? मग एकदम बंद करू नका, आधी मला भेटा.’ हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. आषाढ लागला की पनवेलच्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरने ते म्हणायला हरकत नाही.

हीच गोष्ट श्रावणाशिवायही घडते, आणि ती जास्त फसवी. मांडीचे हाड मोडून माणूस दाखल होतो. केसपेपरवर दारू : नाही. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटतो. नर्स धावते, डोक्याचा सीटी स्कॅन होतो, काही सापडत नाही. सकाळी बायको दाराआड उभी राहून हळूच सांगते. पहिल्या दिवशी विचारले तेव्हा सासरे शेजारी होते.

समाजात कोण कुठे उभा आहे, यावर शब्द ठरतात. देशी पिणारा बेवडा. स्कॉच घेणारा सोशल ड्रिंकर. गुत्त्यावर ‘ढोसतात’, क्लबात ‘एन्जॉय करतात’. ही भाषा मोडायला एक साधे गणित पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक माप म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे साधारण ६० ग्रॅम, सहा मापे. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे ८० ग्रॅमहून जास्त, आठ मापे. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा आयटीतला तरुण क्वार्टरवाल्या हमालापेक्षा जास्त पिऊन घरी गेलेला असू शकतो. मराठी रंगभूमीने हे फार आधी ओळखले होते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर वकील आहे, आणि त्यातले आर्य मदिरामंडळ शिकल्या-सवरलेल्यांचे आहे.

कायद्याने तर या राज्यात मोठा विनोद करून ठेवला आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा नाव बदलून अजून जिवंत आहे. त्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो, आणि विदेशी मद्याच्या परवान्याच्या अर्जात माणूस लिहून देतो की प्रकृती सांभाळण्यासाठी आपल्याला मद्याची गरज आहे. परमिट रूम हा शब्द तिथूनच आला. म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रातला प्रत्येक परवानाधारक पिणारा औषध म्हणून पितो. केसपेपर मात्र त्याला निर्व्यसनी म्हणतो.

पण मापे सारखी असली तरी शिक्षा सारखी नसते. स्कॉटलंडमधल्या संशोधकांना आढळले की तेवढीच दारू पिऊनही गरिबांना तिचा फटका श्रीमंतांपेक्षा जास्त बसतो. पनवेलमध्ये याचा अर्थ समजायला संशोधनाची गरज नाही. वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर आगाऊ उचल घेऊन गेलेला कातकरी उपाशीपोटी पितो, अंधारात डोंगर चढून घरी जातो, थंडीत उघड्यावर झोपतो. त्याच्या रक्तात आधीच हिमोग्लोबिन कमी, छातीत जुना क्षय. त्याच मापाची दारू पिऊन खारघरचा माणूस टॅक्सीने घरी येतो, दुसऱ्या दिवशी लिंबूपाणी पितो आणि वर्षातून एकदा लिव्हरची तपासणी करतो. यातला एक ओपीडीत येतो तेव्हा हात कापत असतात; दुसरा येतो तेव्हा त्याच्या हातात रिपोर्टची फाइल असते.

सिडकोच्या जमीन संपादनाने आणखी एक वर्ग घडवला. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे त्यात गेली. भात आणि मीठ पिकवणाऱ्या घरात एका पिढीत रोकड आली, पण शेताला जायचे कारण गेले. हळदीच्या रात्री पूर्वी धवलारीण लग्नविधीची गाणी म्हणायची; तिथे डीजे, मटण आणि खोक्यांनी दारू आली. याला शह देणारी माणसेही त्याच गावांतली. हळदीत दारू नको असे ठराव करणारी आगरी गावे आहेत. खारघरच्या रहिवाशांनी आपल्या वसाहतीत दारूचा परवाना येऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरून भांडण मांडले आहे. डान्स बारचा प्रश्न २००५ साली विधानसभेत लक्षवेधी होऊन गाजला, तो मांडणारे आमदारही पनवेलचेच होते. या सगळ्या लढ्यांत बोलणारे पुढारी पुरुष असले तरी सभेत बसलेल्या बहुतेक बायका असतात. गावातल्या वा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात आहे ती याच बायकांच्या जोरावर.

त्या बायका स्वतः पितात का, हा प्रश्न विचारायचीच चोरी. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरील सुमारे १४ टक्के पुरुषांनी पीत असल्याचे सांगितले, आणि स्त्रियांपैकी अर्ध्या टक्क्यानेही नाही. वाडीवरची म्हातारी कातकरीण किंवा मासळीबाजारातून दमून आलेली कोळीण थोडीशी घेते आणि तसे सांगतेही. फ्लॅटमधली सून सांगत नाही. तिचा आजार ‘ॲसिडिटी’ या नावाने येतो आणि त्याच नावाने जातो. उलट जैन घरातली, आयुष्यात थेंबही न घेतलेली बाई फॅटी लिव्हरचा रिपोर्ट घेऊन येते आणि सोनोग्राफीवाल्याचा चेहरा पाहून शरमते. साखर आणि चरबीनेही यकृत तसेच दिसते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. गैरसमजाची सर्वांत महागडी किंमत मात्र वाडीवरचा माणूस मोजतो. डोक्याला मार लागून किंवा साखर उतरून तो बरळत असतो, आणि ‘प्यायलाय, झोपू दे’ असे म्हणून त्याला व्हरांड्यात ठेवले जाते.

घराघरात आणखी एक गुप्त उपचार चालतो. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या आणि लोकलच्या भिंतींवर कित्येक वर्षे चिकटलेल्या आहेत. बायको किंवा आई नवस बोलते, भगताकडे जाते आणि शेवटी चहातून पूड देते. त्या पुडीत डायसल्फिरॅमसारखे औषध असेल आणि नवरा त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. चहा करणारी बाई दोषी नाही. तिला दारातून आत येऊन सांगायची सोय कोणी केली नाही.

मग विचारायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली तयार केली आहे. आठ किंवा त्याहून जास्त गुण आले की लक्ष द्यायला हवे असे मानतात. त्यातला तिसरा प्रश्न असतो : एका बैठकीत सहा किंवा जास्त मापे किती वेळा? म्हणजे आपल्या भाषेत, एक क्वार्टर किती वेळा संपते? भाषांतर इतके सरळ केले तर उत्तरही सरळ येते. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत पुरुषांना ही प्रश्नावली विचारली, आणि घातक प्रमाणात पिणाऱ्यांशी डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी काही बैठकांत बोलणे केले. तीन महिन्यांनी त्यातले ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. दहा टक्क्यांचा फरक लहान वाटेल. पण २०१९ च्या केंद्र सरकारच्या अहवालानुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलीही मदत मिळते. तेव्हा ज्याला कोणीतरी विचारले, तो आधीच नशीबवान.

गोव्याची प्रश्नावली पनवेलला जशीच्या तशी चालेल असे नाही. इथे पहिला प्रश्न ‘घेता का?’ असू नये. ‘श्रावण पाळता का? किती दिवस?’ असा असावा. त्याचे उत्तर देताना कोणी लाजत नाही, उलट अभिमानाने देतो, आणि महिनाभर पाळणारा उरलेले अकरा महिने काय करतो हे त्याच उत्तरात येऊन जाते. ‘बैठकीला जाता का? पूर्वी जात होता का?’ हा दुसरा. ‘होतो’ या भूतकाळात बरेच काही दडलेले असते. प्रश्न एकट्याला विचारावा, सासरे आणि मेहुणे बाहेर बसवून. मोहल्ल्यातल्या रुग्णाला धर्माची आठवण करून देऊ नये. ती त्याला आहेच.

एक प्रश्न मात्र रुग्ण आपणहून विचारतो. पनवेल हे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांचे गाव. १८७२ साली इथेच धूतपापेश्वर औषधी कारखाना निघाला, आणि आसव-अरिष्टांची बाटली इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या फळीवर आहे. धायटीची फुले घालून काढा आंबवला की त्यात आपोआप थोडे अल्कोहोल तयार होते. द्राक्षारिष्टात असते, यकृतासाठी घेतल्या जाणाऱ्या कुमारी आसवातही असते. माळ घातलेला, रकान्यात ‘नाही’ लिहून घेतलेला माणूस औषधाची चिठ्ठी हातात घेतो, उठतो, दारापर्यंत जातो आणि परत वळतो.

‘डॉक्टर, यात दारू नाही ना?’

चांगला डॉक्टर अशा वेळी पेन खाली ठेवतो आणि पुढच्या रुग्णाला थोडे थांबायला सांगतो.